पहिली पाच मिनिटे घरच्यांची



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता आणि कंत्राटी पद्धत यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची पक्की समजूत असते. आजचा आमचा विषय पत्रिकेत वाचून काहींना ती छापखान्याची चूक वाटली असेल. ती चूक नव्हे. कुत्र्याला आकडी आली असता घरच्या माणसांनी काय करावे, हाच आमचा विषय आहे, आणि तो आम्ही चालकांकडून मागून घेतला आहे.

मजुरांच्या चळवळीचा आणि कुत्र्यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध जुना आहे. १८३२ च्या जून महिन्यात मुंबई सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा सपाटा लावला, तेव्हा कुत्र्याला पवित्र मानणारा पारशी समाज खवळून उठला. दुकाने बंद झाली, इंग्रज फौजेची रसद अडली. मुंबईने पाहिलेल्या अगदी आरंभीच्या हरताळांपैकी हा एक, आणि तो मजुरीसाठी नव्हता, कुत्र्यांसाठी होता! पुढे ज्या परळ भागात १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवून रविवारच्या सुटीची मागणी केली, त्याच परळात त्याच दशकात गिरणीमालक दिनशा पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ उभे राहिले, आणि १८८६ साली पशुवैद्यकाचे महाविद्यालयही निघाले. भोंग्यावर उठणारा माणूस आणि आजारी जनावर यांचा शेजार असा शंभर वर्षांहून जुना आहे.

परंतु हा विषय मागून घेण्याचे आमचे खरे कारण निराळे आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यात एक लहानसे कलम होते. दर १५० कामगारांमागे निदान एक प्रथमोपचाराची पेटी असावी आणि ती प्रथमोपचार शिकलेल्या माणसाच्या ताब्यात असावी, असे ते कलम सांगे. या पेट्या भरलेल्या राहाव्यात म्हणून आम्ही आयुष्यभर भांडत आलो. कारण बोट यंत्रात सापडते तेव्हा डॉक्टर तिथे नसतो. तिथे असतो तो शेजारच्या यंत्रावरचा माणूस. त्याला काय करायचे ते आधीपासून ठाऊक असेल तर बोट वाचते, नसेल तर धावपळ फार होते आणि उपयोग काडीचा होत नाही. घरातल्या मुक्या जनावराची गोष्ट याहून वेगळी नाही. आकडी येते ती बहुधा रात्री किंवा पहाटे, घरातच, कुत्रा झोपलेला किंवा निवांत पडलेला असताना. डॉक्टरांचा दवाखाना तेव्हा बंद असतो. पहिली पाच मिनिटे घरच्यांची असतात. ती त्यांनी कशी घालवावी, एवढेच आज सांगायचे आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. कारखान्यात लेथवर काम करता करता प्रथमोपचाराचा वर्ग केला, आणि पुढे जे मिळाले ते वाचनालयात बसून आणि जनावरांच्या डॉक्टरांना प्रश्न विचारून.

प्रथम आकडी म्हणजे काय ते पाहू. मेंदूचे सारे काम सूक्ष्म विजेवर चालते. कोट्यवधी पेशी आपापल्या पाळीने बोलतात, म्हणून शरीर शिस्तीत चालते. काही कारणाने पुष्कळशा पेशी एकदम ओरडू लागल्या की आकडी येते. कुत्रा एका अंगावर कोसळतो, पाय ताठ होतात, मान मागे ओढली जाते. मग पाय पोहल्यासारखे हलू लागतात, जबडा वाजतो, तोंडाला फेस येतो, लघवी-शी होऊन जाते. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की अशा मोठ्या आकडीत कुत्र्याची शुद्ध हरपलेली असते. त्याला वेदना कळत नाहीत, आणि आपण कोण हेही कळत नाही. बहुतेक आकड्या एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतात. बघणाऱ्याला मात्र त्या अर्धा तास चालल्यासारख्या वाटतात.

कारणे अनेक आहेत. सहा महिने ते सहा वर्षे या वयात पहिली आकडी आली, दोन आकड्यांच्या मधल्या काळात कुत्रा ठणठणीत असला आणि तपासणीत काही सापडले नाही, तर तो बहुधा उपजत अपस्मार असतो. लॅब्रेडॉर, बीगल, जर्मन शेफर्ड अशा कित्येक जातींत तो वंशपरंपरेने येतो. याहून लहान किंवा याहून म्हाताऱ्या कुत्र्याला प्रथमच आकडी आली तर दुसरे काही शोधावे लागते. लस न टोचलेल्या पिल्लांत डिस्टेंपर, म्हाताऱ्या कुत्र्यात यकृत, मूत्रपिंड किंवा मेंदूतील गाठ, आणि कोणत्याही वयात विषबाधा. कारण शोधणे हे डॉक्टरांचे काम. त्या पाच मिनिटांचे काम आपले.

आता आपल्याकडे त्या पाच मिनिटांत काय होते पाहा. एका कारखान्याच्या फाटकाशी रखवालदाराने पाळलेला एक कुत्रा होता. पाळी बदलण्याच्या वेळी, दोन्ही पाळ्यांची माणसे फाटकात असताना, तो कोसळला. कोणी म्हणाले, चप्पल हुंगवा. कोणी कांदा आणायला धावले. एकाने तोंडावर तांब्याभर पाणी ओतले. आणि एका भल्या माणसाने, जीभ गिळील म्हणून, त्याच्या दातांत चमचा घालून जबडा उघडण्याचा प्रयत्न केला. कुत्र्याचा दात तुटला, त्या माणसाच्या हाताला टाके पडले, आणि वर रेबीजच्या सुया घ्याव्या लागल्या त्या निराळ्याच. दहा मिनिटांनी कुत्रा उठून आपल्या धन्याला शोधू लागला. इतक्या माणसांनी मिळून जे केले त्यातले एकही काम उपयोगाचे नव्हते. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच.

तेव्हा पहिला नियम हा, की तोंडाजवळ हात नेऊ नये. कुत्रा जीभ गिळत नाही. ते होऊच शकत नाही. जीभ चावली जाईल, थोडे रक्त येईल, ते भरून येते. तोंडात चमचा, लाकूड, कापड, पाणी, दूध, औषधाची गोळी, काहीही घालू नये. शुद्ध नसलेल्या जिवाच्या तोंडात घातलेले पाणी पोटात न जाता फुप्फुसात जाते. चप्पल आणि कांदा यांनी आकडी थांबत नाही. ती आपोआप थांबते आणि मान चपलेला मिळतो. माणसाच्या फेफऱ्यालाही हाच नियम लागू आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो: तोंडात काही घालू नये, एका कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे, आणि पाच मिनिटांत थांबले नाही तर इस्पितळ गाठावे.

दुसरा नियम, दाबून धरू नये. ताकद लावून धरल्याने झटके थांबत नाहीत, सांधे मात्र दुखावतात.

मग करावे काय? सर्वांत आधी घड्याळ पाहावे. किती वाजून किती मिनिटांनी सुरू झाले, ते मोठ्याने म्हणावे, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी लक्षात राहील. भीतीला घड्याळ नसते, म्हणून ते भिंतीवरचे किंवा हातातले वापरावे. मग कुत्रा जिन्याजवळ, गॅलरीच्या कठड्याशी किंवा पाण्याच्या टाकीजवळ असेल तर त्याला मागच्या बाजूने, चादरीवर घेऊन सरकवावे. खुर्ची-टेबल दूर करावे. डोक्याखाली घडी केलेला टॉवेल सरकवता आला तर सरकवावा. लहान मुलांना आणि घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला दुसऱ्या खोलीत न्यावे. आकडी आलेल्या कुत्र्यावर दुसरा कुत्रा कधी कधी तुटून पडतो. टीव्ही बंद, दिवा मंद, गलका बंद. पंखा चालू. आणि घरात दोन माणसे असतील तर एकाने मोबाइलवर चित्रफीत घ्यावी. हे निर्दयपणाचे वाटेल, पण डॉक्टरांच्या पुढ्यात कुत्रा जातो तेव्हा तो बहुधा शहाण्यासारखा उभा असतो. चक्कर, हृदयविकाराची मूर्च्छा आणि आकडी यांतला फरक त्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रावरून त्यांना जितका कळतो तितका आपल्या वर्णनावरून कळत नाही.

आता पाच मिनिटांचा हिशेब. पाच मिनिटांहून अधिक चाललेली आकडी, किंवा मध्ये शुद्धीवर न येता लागोपाठ येणाऱ्या आकड्या, ही जिवावरची वेळ समजावी. स्नायू अखंड काम करीत राहिल्याने अंगाचा ताप चढतो. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०५ च्या वर गेले की धोका सुरू होतो. मेंदूला साखर आणि प्राणवायू पुरेनासा होतो आणि पेशी मरू लागतात. शिवाय आकडी जितकी लांबते तितके औषध कमी लागू पडते, कारण औषधाने ज्या कड्या ओढायच्या त्या मेंदूच्या पेशी आत घेऊ लागतात. म्हणून 'थांबेल आता, बघू' हे पाचव्या मिनिटानंतर म्हणू नये. तसेच एका दिवसात, म्हणजे २४ तासांत, दोन किंवा अधिक आकड्या आल्या तर मधल्या वेळात कुत्रा बरा दिसला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मात्र दवाखाना दहा मैलांवर असेल, रात्रीचे दोन वाजले असतील, रिक्षा मिळत नसेल, तर? इथे घरच्या पेटीतले औषध उपयोगी पडते. डायझेपाम हे औषध १९६३ साली बाजारात आले. ते द्रवरूपात गुदद्वारावाटे दिले तर लवकर रक्तात जाते, आणि त्यासाठी शिरेत सुई खुपसण्याचे कसब लागत नाही. घरच्या माणसांनी असे डायझेपाम दिल्याने एकामागून एक येणाऱ्या आकड्या कमी होतात, असे अमेरिकेतील मायकेल पॉडेल या पशुवैद्यांनी १९९५ साली प्रसिद्ध केले. पुढे २०१७ साली युरोपातील डॉक्टरांनी न थांबणाऱ्या आकडीवर दोन औषधांची तुलना केली. नाकात फवारलेल्या मिडॅझोलामने २० पैकी १४ कुत्र्यांची आकडी थांबली. गुदद्वारातील डायझेपामने १५ पैकी ३ कुत्र्यांची. म्हणून आता शक्य असेल तिथे नाकातील मिडॅझोलामला पहिली पसंती दिली जाते. माणसांच्या आकडीसाठी त्याचा फवारा आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळतो.

ही दोन्ही औषधे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मिडॅझोलामचे पुस्तकातले प्रमाण किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आणि गुदद्वारातील डायझेपामचे किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम आहे. परंतु ५ किलोचा स्पिट्झ आणि ३५ किलोचा लॅब्रेडॉर यांना एक माप चालत नाही, आणि बाटलीतले औषध किती तीव्र आहे त्यावरही माप ठरते. म्हणून गुणाकार आपण करू नये. डॉक्टरांकडून तीन आकडे कागदावर लिहून घ्यावेत: किती मिलिलिटर द्यायचे, आकडी किती मिनिटे चालल्यावर द्यायचे, आणि २४ तासांत जास्तीत जास्त किती वेळा द्यायचे. देण्याची रीतही त्यांच्यासमोर एकदा करून पाहावी. नाकात द्यायचे तर बाजूने किंवा मागून, दातांपासून हात दूर ठेवून. गुदद्वारात द्यायचे तर सुई काढून टाकलेल्या सिरिंजला मऊ नळी लावून, नळीला तेलकट मलम लावून. डायझेपाम आधीपासून प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये भरून ठेवू नये. ते प्लास्टिकला चिकटते आणि त्याचा जोर कमी होतो. काचेच्या बाटलीत, उजेडापासून दूर ठेवावे, आणि तारीख उलटली की बदलावे. औषध दिल्यावर कुत्रा तासचे तास झिंगल्यासारखा राहतो, त्याची भीती धरू नये. पण श्वास उथळ वाटला, किंवा आकडी थांबलीच नाही, तर एक क्षण न दवडता चादरीच्या झोळीत घालून निघावे. आणि थांबली तरी डॉक्टरांना फोन करावाच.

चार प्रसंग असे आहेत की तिथे हे औषध एकटे पुरत नाही. लहानसे पिल्लू उपाशी राहिले किंवा मधुमेहाच्या कुत्र्याला इन्सुलिन जास्त झाले, तर रक्तातील साखर उतरून आकडी येते. झटके थांबल्यावर आणि जबडा सैल झाल्यावर थोडा मध किंवा साखरेचा पाक बोटाने हिरड्यांवर चोळावा, घशात ओतू नये. दुसरा प्रसंग विणीचा. पिल्ले झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत दूध पाजणाऱ्या कुत्रीला कॅल्शियम उतरून कापरे भरते. पिल्ले बाजूला घ्यावीत आणि तिला तात्काळ डॉक्टरांकडे न्यावे. कॅल्शियम शिरेतून, बेताबेताने द्यावे लागते, घरी ते काम नाही. तिसरा विषाचा. उंदीर मारण्याचे औषध, शेतातले कीटकनाशक, चॉकलेट, किंवा बिनसाखरेच्या गोळ्यांतील झायलिटॉल. आकडी चालू असताना ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नये. डबा किंवा पाकीट बरोबर घेऊन जावे. चौथा आपल्या वैशाखातला, उन्हाचा. बंद मोटारीत किंवा पत्र्याच्या छपराखाली बांधलेल्या कुत्र्याला उष्माघाताने आकडी येते. सावलीत आणून अंगावर गार पाणी ओतावे, पंखा लावावा, पण बर्फात बुडवू नये, आणि ताप १०३ पर्यंत उतरला की पाणी थांबवावे.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. रस्त्यावरच्या कुत्र्याला आकडी आली की आळीत एकच आरोळी उठते: पिसाळला! आणि दगड उचलले जातात. आम्ही असे कुत्रे मेलेले पाहिले आहे, आणि मारणारे दुष्ट नव्हते, घाबरलेले होते. भीती खोटी नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य आहे. पण आकडी येऊन गेली, कुत्रा अर्ध्या-एक तासात सावरला, पाणी पिऊ लागला, ओळखीच्या माणसाला ओळखू लागला, तर ते बहुधा पिसाळणे नसते. पिसाळलेला कुत्रा सावरत नाही; त्याचा स्वभाव पालटतो, आवाज घोगरा होतो, जबडा लोंबतो, गिळता येत नाही, आणि लक्षणे दिसू लागल्यावर तो बहुधा दहा दिवसांच्या आत मरतो. तथापि हा निवाडा रस्त्यात उभे राहून आपण करू नये. अनोळखी किंवा लस न टोचलेल्या कुत्र्याच्या लाळेला हात लावू नये, लांबून लोकांना दूर ठेवावे, पालिकेला किंवा प्राणिमित्रांना कळवावे. चावा बसला किंवा जखमेवर लाळ लागली तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. हळद, चुना, मिरचीपूड यांनी रेबीज जात नाही. आणि घरच्या कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस द्यावी, म्हणजे आकडीच्या वेळी मनात ही शंकाच राहत नाही आणि हात कापत नाहीत.

आकडी थांबल्यावर काम संपत नाही. कुत्रा काही वेळ आंधळ्यासारखा भिंतीला धडकतो, भुकेने वखवखतो, येरझाऱ्या घालतो, कधी आपल्यावरच गुरगुरतो. तो बेइमान झालेला नसतो, मेंदू अजून जाग्यावर यायचा असतो. लाड करायला वाकू नये. हळू आवाजात नावाने हाक मारावी, पूर्ण शुद्धीवर आल्यावरच पाणी आणि मग खाणे द्यावे. आणि वही उघडावी. तारीख, वेळ, किती मिनिटे, आधी काय खाल्ले, नंतर किती वेळात सावरला. पगाराच्या पावत्या जपणाऱ्या कामगाराचा दावा जसा टिकतो, तसेच अशी वही असली की डॉक्टरांचे निदान टिकते.

पुष्कळ कुत्र्यांना मग रोजचे औषध सुरू होते. फेनोबार्बिटल हे १९१२ पासून माणसांच्या अपस्मारावर वापरात आलेले औषध कुत्र्यांनाही चांगले लागू पडते आणि फार महागही नाही. पण ते ठरल्या वेळी द्यावे लागते, मधूनमधून रक्त तपासावे लागते. महिनाभर आकडी नाही म्हणून ते एकाएकी बंद करणे ही सर्वांत धोक्याची काटकसर. त्याने बंद झालेली आकडी दुप्पट जोराने परतते.

हे सारे श्रीमंतांच्या कुत्र्यांसाठी आहे, असे कोणी म्हणू नये. घड्याळाला पैसे पडत नाहीत. तोंडात हात न घालायला पैसे पडत नाहीत. वही दहा-वीस रुपयांत येते. महाग पडते ते वराती मागून घोडे आणणे. रखवालदाराचा, पानवाल्याचा, धनगराचा कुत्रा त्याच्या मालकाइतकेच काम करतो, आणि त्याला प्रॉव्हिडंट फंड नसतो. निदान त्याच्या वाईट वेळी त्याच्याजवळची माणसे शिकलेली असावीत, एवढा त्याचा हक्क आहे.

आज घरी गेल्यावर ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांनी तीन कामे करावीत. त्याचे वजन करून लिहून ठेवावे. रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कोणता, ते विचारून त्याचा फोन दाराच्या आत चिकटवावा. आणि ज्याला एकदा आकडी येऊन गेली आहे, त्याच्या डॉक्टरांकडून ते तीन आकडे कागदावर घ्यावेत. ज्यांच्याकडे कुत्रा नाही त्यांनी एवढेच करावे, की शेजाऱ्याच्या दारात गर्दी जमली तर चप्पल पायातच ठेवावी आणि घड्याळ पाहावे.